तुम्ही काय काय सोडून दिलंत?

रक्तदाब किंवा मधुमेह चारचौघांत लपवता येतो. त्वचेचा आजार माणसाच्या आधी लोकांच्या नजरेला पडतो. मानेवरचं कोड, टाळूवरचा सोरायसिस, गालावरचे मुरुमांचे व्रण शेजारणीपासून रिक्षावाल्यापर्यंत सगळ्यांना दिसतात आणि प्रत्येकाकडे त्यावर एक सल्ला तयार असतो. दूध आणि मासे एकत्र खाल्ले असतील, रक्त खराब झालं असेल, अमक्या गावी झाडपाल्याचं औषध देतात. हे सगळं करून झाल्यावर माणूस माझ्याकडे येतो, तेव्हा इजा फक्त कातडीला झालेली नसते. म्हणून तपासून झालं की मी हमखास विचारते, ''या आजारापायी तुम्ही काय काय सोडून दिलंत?''

सोरायसिस असलेला तरुण सांगतो, काळा शर्ट घालत नाही, खांद्यावर कोंडा पडलेला दिसतो. सलूनमध्ये जात नाही, घरीच मशीन फिरवतो. दहावीतली मुलगी शाळेच्या ग्रुप फोटोच्या दिवशी दांडी मारते. एका बाईंनी हळदीकुंकवाला जाणं बंद केलं होतं. त्यांच्या बोटांवर कोडाचे डाग होते. तिळगुळाची वडी त्यांच्या हातातून घेताना समोरची बाई कडा चिमटीत धरून अलगद उचलायची, म्हणजे बोटाला बोट लागायला नको. त्या बाईंच्या डागांचं क्षेत्रफळ काढलं तर तळहाताएवढंही भरलं नसतं. आजार मात्र संक्रांतीपासून लग्नसराईपर्यंत पसरला होता.

हे मोजायची पद्धत आमच्या शास्त्रात आहे. वेल्समधल्या कार्डिफ इथल्या फिनले आणि खान या डॉक्टरांनी १९९४ साली दहा प्रश्नांची एक प्रश्नावली तयार केली. गेल्या आठवड्यात किती खाजलं, किती संकोच वाटला, कपडे निवडताना, कामावर, जोडीदाराच्या जवळ जाताना त्वचेचा किती अडथळा झाला, असे ते साधे प्रश्न आहेत. एकूण गुण ३०. दहाच्या वर गुण गेले की आजाराचा आयुष्यावर फार मोठा परिणाम झाला आहे असं समजतात, मग डाग एकच का असेना. प्रश्नावली भरायला पाच मिनिटंही लागत नाहीत, तरी आपल्या गर्दीच्या ओपीडीत ती क्वचितच कुणाच्या हाती पडते.

२०१५ साली युरोपातल्या १३ देशांमधल्या त्वचारोग रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात साधारण दहा टक्के रुग्णांमध्ये नैराश्य आढळलं. त्वचारोग नसलेल्यांमध्ये ते चार टक्क्यांच्या आसपास होतं. चिंतेचं प्रमाण सतरा विरुद्ध अकरा टक्के होतं. आत्महत्येचे विचारही रुग्णांमध्ये अधिक होते. म्हणून हा प्रश्न मी आडवळणानं विचारत नाही. जगणं नकोसं होतं का, असं थेट विचारल्यानं कुणाच्या डोक्यात तो विचार नव्यानं शिरत नाही. उलट विचारणारं कुणीतरी भेटलं म्हणून माणूस मोकळा होतो.

त्वचा आणि मन यांचं नातं शरीरातही खरं आहे. गर्भात मेंदू आणि त्वचेचा बाहेरचा थर एकाच मूळ थरातून घडतात. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी तर मज्जासंस्थेच्या कडेला जन्म घेतात आणि तिथून प्रवास करत त्वचेत येऊन वसतात. पुढे आयुष्यभर दोघांत निरोपांची देवाणघेवाण चालू राहते. ताण आला की त्वचेतल्या मज्जातंतूंच्या टोकांतून काही रसायनं सुटतात, त्यामुळे तिथल्या मास्ट पेशी हिस्टामिन सोडतात आणि खाज वाढते. खाजवलं की कातडी जाड होते, जाड कातडी आणखी खाजते. रात्री झोप लागत नाही, दिवसा चिडचिड होते, त्यानं ताण वाढतो. इसबाच्या कित्येक रुग्णांचं हे चक्र झोपेपाशी तोडावं लागतं. मलम आणि गोळ्या ठरवण्याआधी मी झोपेची चौकशी करते ती यासाठीच.

याचा अर्थ सगळे त्वचारोग टेन्शनमुळे होतात, असा मुळीच नाही. कोडात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच रंगपेशींवर उलटते. सोरायसिसला आनुवंशिक पाया असतो. ताण हे आजार भडकवू शकतो, पण ताण हेच त्यांचं मूळ नव्हे. ''टेन्शन घेऊ नका, आपोआप बरं वाटेल,'' या वाक्याचा मला मनापासून राग येतो. रुग्णाला त्यातून एवढंच ऐकू येतं की दुखणं माझंच आणि दोषही माझाच.

कधीकधी मात्र आजार मनाचा असतो आणि तक्रार त्वचेची. काही रुग्ण अंगावर किडे फिरतात म्हणून येतात. सोबत काडेपेटी किंवा औषधाची डबी असते, तिच्यात पुराव्यादाखल जपून ठेवलेले 'किडे' असतात. भिंगाखाली पाहिलं तर खपलीचे तुकडे, कपड्याचे धागे, धूळ. जगभरच्या त्वचारोगतज्ज्ञांना ही काडेपेटी इतकी ओळखीची आहे की पाठ्यपुस्तकांत ती या आजाराची खूण म्हणून नोंदलेली आहे. अशा वेळी 'काही नाही हो, भास आहे तुमचा' म्हटलं की रुग्ण उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. मी ती डबी घेते, त्यांच्यासमोर नीट तपासते, त्रास खरा आहे हे मान्य करते. विश्वास बसला की मनोविकारतज्ज्ञांची औषधं सुरू करता येतात, आणि त्या औषधांनी बहुतेकांना चांगला गुण येतो.

औषधांचं नातंही दुहेरी आहे. मनोविकारात मोलाचं ठरणारं लिथियम काहींचा सोरायसिस वाढवतं. त्वचारोगासाठी दिलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या काहींची झोप उडवतात, मनःस्थिती बिघडवतात. म्हणून दोन्हीकडच्या डॉक्टरांना एकमेकांची चिठ्ठी दिसली पाहिजे. कुठलीही गोळी मनानं बंद करायची नाही, आणि दुकानदारानं दिलेलं स्टेरॉइडचं मलम चेहऱ्याला लावायचं नाही.

कोडाबद्दल आपल्याकडे सर्वात जास्त भीती आहे, आणि ती बरीचशी कुष्ठरोगाशी घातलेल्या गल्लतीतून आली आहे. कोड संसर्गजन्य नाही. त्या डागावरची संवेदना शाबूत असते. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर ती मंदावते, आणि तो आजारही औषधांनी पूर्ण बरा होतो. तरी कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून आपल्या विवाह कायद्यांत २०१९ सालापर्यंत टिकून होतं. कायदा बदलला, मनं सावकाश बदलतात. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांच्या पुढाकारानं उभा राहिलेला 'श्वेता' हा कोड असलेल्यांचा स्वमदत गट आणि २००६ साली आलेला सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा 'नितळ' हा चित्रपट, या दोहोंनी हा विषय मराठी घरांत उघडपणे बोलायला लावला. आपल्यासारखेच डाग असलेली दुसरी व्यक्ती नोकरी करते, संसार करते, बिनबाह्यांचं ब्लाउज घालते, हे डोळ्यांनी पाहण्यात जी ताकद आहे ती माझ्या चिठ्ठीत नाही.

उपचार आज पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगले आहेत. ठरावीक तरंगलांबीच्या अतिनील किरणांनी कित्येकांचा रंग परततो, स्थिरावलेल्या डागांवर रंगपेशींचं रोपण होतं, सोरायसिससाठी नेमक्या रेणूवर काम करणारी इंजेक्शनं आहेत. मात्र यांना महिने लागतात, आणि खचलेला माणूस उपचार मध्येच सोडतो. म्हणून मनाकडे पाहणं हा उपचाराचाच भाग आहे. समुपदेशनाची सोय जवळ नसेल तर 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक विनामूल्य आहे, तिथे मराठीत बोलता येतं.

डॉक्टरांकडे गेलात की डाग दाखवा, त्याबरोबर झोपेचं सांगा, बंद पडलेल्या गोष्टी सांगा. त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. आणि ज्यांच्या अंगावर डाग नाहीत त्यांनी या दिवाळीत फराळाला आलेल्या भाचीला ''अगं, वाढलं का गं हे?'' असं विचारू नये. तिला ते रोज आरशात दिसतं. तिच्या नोकरीचं विचारा, तिच्या हातची चकली खा, आणि तिच्यासाठी आलेलं स्थळ डागावरून मोडायला निघालं तर त्या बैठकीत तिच्या बाजूनं बोला.