नकाशातील पायवाट

लासलगावचे नाव कांद्याबरोबर दूरवर पोहोचले आहे. १९४७ साली तेथे बाजार समिती स्थापन झाली. निफाड तालुक्यातील कित्येक घरांची सुखदुःखे त्या आवारातील लिलावावर अवलंबून असतात.

याच परिसरातील एका शाळेत भूगोलाचे शिक्षक आठवीच्या वर्गाकडून पिकांची नावे पाठ करवून घेत नसत. ते संगणकावर क्यूजीआयएस ही नकाशे रेखाटण्याची प्रणाली उघडीत. ती कोणासही मोफत वापरता येते. तिच्या तळाशी ते ओपनस्ट्रीटमॅपचा नकाशा ठेवीत. हा नकाशा २००४ साली इंग्लंडात सुरू झाला आणि देशोदेशींच्या सामान्य माणसांनी तो भरत आणला. त्यात शाळेचे गाव म्हणजे एक नाव आणि एक डांबरी रस्ता, एवढेच होते.

मग मुले वह्या घेऊन हिंडली. त्यांनी खताचे दुकान, वजनकाटा, विहिरी टिपल्या. आणि मुख्य म्हणजे कांद्याच्या चाळी. जमिनीपासून उचललेली, चोहोंकडून वारा खेळणारी ही कोठी. उन्हाळ कांदा तिच्यात चार-पाच महिने टिकतो. प्रत्येक चाळीस एक तांबडा ठिपका दिला गेला. पडद्यावर पाहतात तो बहुतेक सारे ठिपके डांबरी रस्त्याच्या कडेस दाटलेले! ओढ्यापलीकडच्या वस्तीवर एकही नव्हता.

सरकारच्या अ‍ॅगमार्कनेटवर रोजचे बाजारभाव सर्वांसाठी खुले असतात. मुलांनी मागील हंगामाचे आकडे उतरवून आलेख काढला. त्या वर्षी पावसाळ्यात भाव चढला होता. ओढ्यापलीकडून येणाऱ्या एका मुलीने वडिलांची एप्रिलातील हिशेबपट्टी आणली होती. ती आलेखाशेजारी धरून तिने विचारले, "गुरुजी, मग आम्ही थांबलो का नाही?"

वर्ग स्तब्ध झाला. गुरुजींनी उत्तर दिले नाही. नकाशातील त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवले. ज्यास चाळ नाही, त्याने काढणी होताच, म्हणजे आवक उसळलेली असतानाच, माल विकावयाचा. चाळीस पैसा लागतो, हे खरेच. परंतु ओढ्यापलीकडे विटा-वाळूचा ट्रॅक्टर तरी जावा कसा? अर्थात थांबणाऱ्यास नेहमी चढाच भाव मिळतो असे नव्हे. दमट हवेत चाळीतला कांदाही सडतो.

हिशेबपट्टीतील मजकूर गुरुजींनी खुल्या नकाशात चढवू दिला नाही. रस्ते आणि विहिरी जगाने पाहाव्यात. एखाद्या घरची ओढाताण त्या घराचीच असते. मुलीने मात्र ओढ्यातून वस्तीकडे जाणारी पायवाट स्वतः रेखाटली. थोड्याच वेळात ती ओपनस्ट्रीटमॅपवर उमटली.

काही दिवसांनी वडील शाळेत आले. पडद्यावरील ती बारीक तुटक रेघ त्यांनी बराच वेळ न्याहाळली. मग ओढा जेथे आडवा येतो तेथे बोट टेकून ते म्हणाले, "पोरी, पावसाळ्यात ही वाट बंद असते. तेही लिही."