आधी दोरी, मग धनुष्य

अमेरिकेतील मिसिसिपी, इलिनॉयसारख्या नद्यांवर धनुष्यबाणाने मासे मारण्याच्या छंदाला बोफिशिंग म्हणतात. त्यात नव्याने उतरणारा माणूस दुकानात शिरला की आधी धनुष्याकडे वळतो आणि बहुतेक पैसे तिथेच घालवून बसतो. माझे मत उलट आहे. पहिला खर्च मासा ओढून घेण्यासाठी बाणाला बांधायची दोरी, बाण आणि चष्मा यांवर करावा. धनुष्य साधे असले तरी भागते. मासा उथळ पाण्यात, काही हातांवरच असतो. पिसे नसलेला फायबरग्लासचा जड बाण पाण्यात शिरताच वेग गमावतो, त्यामुळे दूरवर अचूक मारा करणाऱ्या महागड्या धनुष्याचे गुण इथे वायाच जातात. ओढायला 40 पौंडांच्या आसपास जोर लागणारे, टोके पुढे वळलेले साधे रिकर्व्ह धनुष्य पुरेसे आहे. जोर फार वाढवला तर बाण माशातून आरपार जाऊन तळाच्या चिखलात रुततो. यावर कोणी म्हणेल, शिकारीचे, चाकांवर चालणारे कंपाउंड धनुष्य घरात असताना नवे कशाला घ्यायचे? पण ते पूर्ण ओढल्यावरच हलके होते, आणि मासा दिसला की अर्धवट ओढूनही बाण सोडावा लागतो. अ‍ॅलिगेटर गारसारख्या अजस्र माशासाठी दणकट धनुष्य हवेच, पण ती नवशिक्याची शिकार नव्हे.

दोरीच्या बाबतीत मात्र काटकसर नको. ती बाणाच्या शेपटाला बांधली तर बाण ओढताना प्रत्यंचेपाशी येते. तिथे किंवा बोटात अडकली, तर सुटलेला बाण ताण बसून उलटा नेमबाजाच्याच अंगावर येतो. यावरचा उपाय म्हणजे सेफ्टी स्लाइड, बाणाच्या दांडीवर पुढेमागे सरकणारा छोटासा छल्ला. दोरी त्याला बांधली की बाण पूर्ण ओढला तरी ती धनुष्याच्या पुढेच राहते. दोरी साठवणारे रीळही याच कसोटीवर निवडावे. बटण दाबून दोरी मोकळी करावी लागणारे रीळ घाईत घात करते. बटण विसरले की बाणाला हिसका बसतो. बाटलीत दोरी सैल पडून राहणाऱ्या रिळात ही भानगडच नसते, म्हणून किंमत जास्त असली तरी नवशिक्याने तेच घ्यावे.

तिसरी वस्तू पोलराइज्ड चष्मा. तो पाण्यावरची चमक कापतो, पण प्रकाशाचे वक्रीभवन थांबवत नाही. सरळ वरून पाहिले तर चार फूट खोल असलेला मासा तीन फुटांवर भासतो आणि तिरके पाहिले तर आणखी वर. म्हणून नेम दिसणाऱ्या माशाच्या खाली धरायचा. चष्म्याचे याहून मोठे काम मासा ओळखण्याचे. बाणाचे काटेरी टोक लागलेला मासा परत सोडता येत नाही. बाहेरून आलेल्या कॉमन कार्पच्या तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या असतात. तिथल्याच बिगमाउथ बफेलो माशाला मिशा नसतात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या बफेलोचे वय 112 वर्षांपर्यंत आढळले. इतक्या वर्षांचा जीव नजरचुकीने मारला जाणे मला अक्षम्य वाटते. एवढी दक्षता म्हणजे खेळातली मजा घालवणे, असा आक्षेप घेणाऱ्यांना माझे उत्तर एकच: इथे चूक दुरुस्त करण्याची दुसरी संधी मिळत नाही.

तेव्हा परवाना आणि त्या राज्याचे नियम आधी पाहा, मग छल्ला, रीळ, बाण आणि चष्मा घ्या. उरलेल्या पैशांत जे धनुष्य बसेल ते पहिल्या हंगामाला पुरे होईल.