मापाची सायकल

संपादकांची मागणी साधी होती. लेखासोबत एक तक्ता द्या, डावीकडे उंची, उजवीकडे फ्रेमचं माप. वाचक कात्रण काढून ठेवतील. तक्ता मी देणार नाही. पुण्यात सायकलींचं फिटिंग करून पोट भरणाऱ्या माझ्यासारख्याचं निम्मं गिऱ्हाईक या तक्त्यांनीच पाठवलेलं असतं, तेव्हा हा कृतघ्नपणा आहे खरा. पण नुसती उंची सांगून शिंप्याकडून कुणी सदरा शिवून घेत नाही, आणि पन्नास हजारांची सायकल मात्र तेवढ्यावर घरपोच मागवली जाते.

आधी चाकाचा घोळ. "सव्वीसची घेऊ की एकोणतीसची?" हे माप चाकाचं. मुलांच्या सायकली चाकावरून विकल्या जातात, १६, २०, २४. त्यामुळे माणूस वाढला की चाक वाढवायचं, अशी समजूत पक्की बसली आहे. मोठ्या माणसाला माप लागतं ते फ्रेमचं. आपल्या जुन्या काळ्या सायकलींना २२ इंची, २४ इंची म्हणायचे ते फ्रेमवरूनच, म्हणजे सीटखालच्या नळीच्या लांबीवरून. दांडी आडवी असायची, त्यामुळे त्या एका आकड्यावरून बाकीच्या सायकलीचा अंदाज यायचा. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात माइक बरोज यांनी जायंट कंपनीसाठी मागे उतरत्या दांडीची रेसिंग फ्रेम केली. थोडक्या मापांत कारखान्याचं भागू लागलं, एस-एम-एल आलं, आणि तो जुना आकडा निकामी झाला. आता एका कंपनीची एम दुसरीच्या एसएवढी निघते.

लोक सायकलवर टांग टाकून बघतात, दांडी खाली लागत नाही म्हणजे बसली म्हणतात. सीट काय, ॲलन कीने मिनिटात वर-खाली होते. फ्रेमची लांबी बदलत नाही. क्रँकच्या मध्यापासून हँडलच्या नळीचं वरचं टोक किती पुढे आहे आणि किती वर, हे दोन आकडे बघा: रीच आणि स्टॅक. मोजण्याची ही पद्धत डॅन एम्पफील्ड यांनी रुजवली. कंपनीच्या माहितीपत्रकात हे दोन्ही आकडे असतात, अगदी तळाशी.

पावसाळ्याच्या तोंडावर एक बाई आल्या. उंची १५५, जांघेपासून जमिनीपर्यंत ७४ सेंटिमीटर. म्हणजे पाय लांब, धड आखूड. तक्त्याने त्यांना एस दिली होती. बोपदेव घाट चढेपर्यंत हात बधिर, मान धरलेली. सीट कुणीतरी पायाच्या मापाला ०.८८३ ने गुणून लावली होती.

या गुणाकाराबद्दल मला बोलू द्याच. तो फ्रेंच प्रशिक्षक सिरील गिमार यांच्या गोटातला. सायकलपटू ग्रेग लेमाँड यांच्या पुस्तकातून १९८०च्या दशकात जगभर गेला आणि वेदवाक्य झाला. दुसरं सूत्र १९६७चं, हॅम्ली आणि थॉमस यांचं: पायाच्या मापाच्या १०९ टक्के, पण पायडलच्या अक्षापासून. ते प्रयोगशाळेतल्या स्थिर सायकलीसाठी काढलेलं. पहिलं क्रँकच्या मध्यापासून मोजतात, त्यात क्रँकची लांबी धरलेलीच नाही. दुसऱ्यात ती आपोआप येते. १७० मिलिमीटरचा क्रँक घेऊन दोन्ही मांडून बघा. पायाचं माप ८२च्या आसपास असेल तर उत्तर एकच. या बाईंच्या ७४ला पहिलं सूत्र ६५.३ देतं, दुसरं ६३.७. दीड सेंटिमीटरहून जास्त फरक! एवढ्याने कंबर दर फेऱ्याला डावी-उजवी डुलते. ८२च्या पायाचा रेसर म्हणणार, सूत्र अचूक आहे. त्याच्यापुरतं आहेच. आमच्या धंद्यातली मंडळीसुद्धा यावर हमरीतुमरीवर येतात. मी हल्ली सूत्रावरून सुरुवात करतो आणि पायडल तळाशी असताना गुडघा २५ ते ३५ अंश वाकतो का, ते पाहून थांबतो.

सीट खाली घेतली, कंबर स्थिरावली. हात मात्र तसेच. रीच जास्त होता. सीट पुढे सरकवणं हा सोपा उपाय वाटतो. त्याने धड पायडलवर पुढे जातं आणि भार उलट हातांवर येतो. हँडल फ्रेमला जोडणारा स्टेम आखूड केला, हँडल अरुंद बसवलं. फरक पडला, पुरेसा नाही, आणि स्टेम फार आखूड झाला की हँडल अवखळ होतं. मग एक्सएस का नाही घेतली? हे दुखणं कारखान्याचं. ७००चं मोठं चाक तसंच ठेवायचं, वळताना पायाचा चवडा चाकाला लागू द्यायचा नाही, म्हणून लहान फ्रेममध्ये रीच फारसा कमी करतच नाहीत. सीटची नळी उभी करून दांडीची लांबी कागदावर तेवढी कमी दाखवतात. बुटक्या माणसांसाठी लहान चाकाच्या चांगल्या सायकली निघतात, पण आपल्या दुकानांत शोधाव्या लागतात.

मी बाईंना सायकल विकायला सांगितलं आहे. त्या म्हणतात, यजमानांनी वाढदिवसाला दिलेली आहे, तुम्हीच त्यांना समजवा. यजमान १७८ सेंटिमीटर. त्यांनी स्वतःची सायकल त्याच तक्त्यावरून घेतली आणि ती त्यांना उत्तम बसते. गेल्या आठवड्यात अर्धा तास बोललो. त्यांचं म्हणणं, फिटिंग नीट झालेलं नाही.