पाण्याच्या देशातली पाच वर्षे

गावाकडे आले की आमच्या आळीतल्या बायका हमखास एकच प्रश्न विचारतात, "फॉरेनला रोज फिरायलाच जात असशील, न्हवं?" त्यांचेही खरे आहे. परदेश म्हटला की सिनेमातला बर्फ, बागा आणि हातात हात घालून चाललेले नवराबायकोच डोळ्यांपुढे येतात. आम्ही उभयता हॉलंडमध्ये पाच वर्षे राहिलो, २०१८ ते २०२३. फिरलो, नाही असे नाही. पण पाच वर्षे म्हणजे काही पाच वर्षांची सहल नव्हे. तिथेही भांडी घासावी लागतात, दळण संपते, आणि घरच्या आठवणीने रात्री झोप उडते. म्हणून तिथले रोजचे जिणे आणि रविवारची भटकंती, दोन्ही सांगते.

ह्यांना वागेनिंगेन गावच्या कृषी विद्यापीठात माती आणि पाण्याच्या संशोधनाचे काम मिळाले होते. गाव लहान, ऱ्हाईन नदीच्या काठी वसलेले. देशही लहानच. आपले पुणे, सातारा आणि सोलापूर हे तीन जिल्हे एकत्र केले तर जेवढे क्षेत्र होईल, साधारण तेवढाच अख्खा हॉलंड देश. त्यातली सव्वीस टक्के जमीन समुद्राच्या पातळीच्या खाली. म्हणजे समुद्र वर आणि गाजराचे शेत खाली! बांध आणि पंप नसते तर तिथे मासेच पोहले असते.

सायकल, भाकरी आणि सहाचे जेवण

पहिला धडा सायकलचा. त्या देशात माणसे पावणेदोन कोटींच्या वर आणि सायकली सव्वादोन कोटींच्या आसपास. कॉलेजात शिकताना मी सायकल चालवली होती, म्हणून निभावले. पाऊस असो, वारा असो, ऐंशी वर्षांची आजीसुद्धा पिशव्या अडकवून बाजाराला निघते. त्यांच्याकडे डोंगर नाही, पण वारा समोरून आला की आपला जोतिबाचा चढ बरा वाटतो.

दुसरा धडा जेवणाचा. दुपारी पावाचे तुकडे आणि चीज. ताटात गरम अन्न फक्त संध्याकाळी, तेही सहाच्या ठोक्याला. कुणाच्या घरी न कळवता गेले तर चालत नाही. आधी दिवस ठरवायचा, वेळ ठरवायची. गेल्यावर कॉफी येते आणि तिच्याबरोबर एक बिस्किट. एकच! पहिल्यांदा मला हसू आले. आपल्याकडे पाहुण्याला "अजून घ्या, अजून घ्या" म्हणून बेजार करतात. पण हीच माणसे वाढदिवस कधी विसरत नाहीत. सगळ्या नात्यागोत्याच्या वाढदिवसांचे कॅलेंडर त्यांच्या घरी संडासात टांगलेले असते, म्हणजे रोज नजर पडते. आणि वाढदिवस एकाचा असला तरी अभिनंदन घरातल्या सगळ्यांचे करायचे.

हिवाळ्याचे मात्र विचारू नका. डिसेंबरात पावणेनऊला उजाडते आणि साडेचारला दिवे लावावे लागतात. जूनमध्ये उलटे, रात्री दहा वाजले तरी उजेड. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, फोनवर म्हणायच्या, "रातच्याला दहाला ऊन? आणि मग कोंबड्या झोपत्यात कवा?"

शनिवारी गावात बाजार भरे. कांदा, बटाटा, कोबी, ताजे मासे, चीजचे चाकाएवढे गोळे. भेंडी, मेथी, मूगडाळ हवी असेल तर सुरिनामच्या माणसांची दुकाने गाठायची. ही माणसे मूळची आपलीच. १८७३ पासून भोजपुरी मुलखातली हजारो गरीब माणसे कलकत्त्याहून बोटीने दक्षिण अमेरिकेतल्या सुरिनामला मळ्यांवर मजुरीसाठी नेली गेली. १९७५ साली सुरिनाम स्वतंत्र झाला, त्या सुमारास त्यांच्यातली पुष्कळ कुटुंबे हॉलंडला आली. दुकानातली म्हातारी माझ्याशी जी भाषा बोले ती निम्मी मला कळे, निम्मी कळत नसे. पण "बेटी" कळायचे. ज्वारीचे पीठ मात्र गावाकडून यायचे. ते पुरवून पुरवून, फक्त रविवारी भाकरी.

रविवारची भटकंती

भाकरी आणि पिठले डब्यात घालून आम्ही रविवारी निघत असू. त्या देशात सायकलच्या वाटांवर चौकाचौकांत आकडे लिहिलेल्या पाट्या असतात. घरून निघताना कागदावर आकडे लिहून घ्यायचे आणि त्या क्रमाने जायचे. वाट चुकत नाही आणि कुणाला विचारावे लागत नाही.

आमची आवडती वाट नदीपलीकडच्या बेटुवे भागाची. सायकलीसकट तरीत बसून ऱ्हाईन ओलांडायची, की पुढे सफरचंद आणि चेरीच्या बागाच बागा. एप्रिलमध्ये सगळा मुलूख फुलांनी पांढरा. पण त्याच दिवसांत रात्री दव गोठते आणि मोहोर जळण्याची भीती असते. तेव्हा तिथले बागायतदार काय करतात? रात्रभर तुषार सिंचनाने झाडांवर पाणी मारतात! पाणी गोठताना थोडी उष्णता बाहेर टाकते, त्यामुळे बर्फाच्या आवरणातले फूल शून्य अंशाच्या फारसे खाली जात नाही आणि वाचते. पाणी मारणे मध्येच थांबले तर मात्र मोहोर गेलाच. एका पहाटे आम्ही ते पाहिले. काचेत घातल्यासारखी फुले आणि बांधावर रात्रभर जागलेला, डोळे लाल झालेला शेतकरी. नवा देश असला तरी ते डोळे ओळखीचे होते. द्राक्षाच्या बागेत अवकाळी पावसाच्या रात्री तेच डोळे आपण पाहिलेले असतात.

वाटेत शेतकऱ्यांच्या फाटकाजवळ लहानशी मांडणी असते. अंडी, बटाटे, चेरी, फुलांच्या जुड्या. विकायला माणूस नाही. किंमत लिहिलेली आणि शेजारी पैशांचा डबा. पैसे टाकायचे आणि माल घ्यायचा. हे प्रत्येक वेळी म्हणायचे, "हा डबा आपल्या नाक्यावर ठेवला तर डबा तरी राहील काय?" मी म्हणायची, ठेवून तर बघू.

एकदा रेल्वेत सायकलींचे तिकीट काढून काम्पेनला गेलो आणि तिथून शोकलंडला. शोकलंड हे पूर्वी समुद्रातले बेट होते. लाटा ते खात चालल्या म्हणून १८५९ साली राजाच्या हुकमाने सगळी वस्ती उठवली. पुढे १९३२ साली बत्तीस किलोमीटर लांबीचा बांध घालून तो समुद्रच अडवला आणि १९४२ साली बेटाभोवतीचे पाणी उपसून काढले. आज ते बेट बटाट्याच्या शेतांमध्ये उभे आहे. आपण समुद्राच्या तळावर सायकल चालवायची आणि वर बघायचे तर बेट! त्या नव्या जमिनीवर शेतकरी निवडताना सरकारने फार कडक परीक्षा घेतली. तपासनीस उमेदवाराच्या घरी जाऊन त्याच्या बायकोने घर कसे ठेवले आहे तेही बघत. हे ऐकून आमचे हे म्हणाले, "मला नक्की जमीन मिळाली असती." आता ही स्तुती माझी की त्यांची, ते मी विचारले नाही.

त्याच भागात वसंतात ट्युलिपची रंगीत शेते दिसतात. पण आठपंधरा दिवसांत शेतकरी यंत्राने सगळी फुले छाटून टाकतो. पीक फुलाचे नसून कांद्याचे असते. फूल काढले की जोर कांद्यात उतरतो. लोक फोटो काढतात, शेतकरी कांद्याचे वजन बघतो.

फोन वाजला ती रात्र

आमचे गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णाकाठी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये काय झाले ते तुम्हाला सांगायला नको. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट. पाणी सत्तावन्न फुटांवर गेले. आमचे धाकटे दीर म्हशी घेऊन जयसिंगपूरकडे निघाले होते, आणि आत्याबाई घर सोडायला तयार नव्हत्या. "२००५ ला उंबऱ्याला लागून पाणी माघारी गेलं. आताबी जाईल." शेवटी रात्री त्यांना उचलून नावेत घातले. त्यानंतर दोन दिवस फोन लागेना. आम्ही दोघे इकडे समुद्रसपाटीहून थोड्याच उंचीवरच्या गावात कोरड्या खोलीत बसलो होतो, आणि डोंगराच्या सावलीतले आमचे घर पाण्यात होते.

माणसे वाचली. घर पडले नाही, पण मातीच्या दोन भिंती बसल्या, दोन म्हशी गेल्या, ऊस कुजला.

गावाबाहेर आम्ही भाजीचा वाफा भाड्याने घेतला होता. तिथे तशी पद्धत आहे. ज्यांना शेत नाही ते वाफा करतात. शेजारच्या वाफ्यावर ऐंशी पार केलेले एक आजोबा होते, जन्माने बेटुवेचे शेतकरी. माझी मेथी त्यांना गवत वाटे आणि त्यांचा बीट मला गोड. पुराचे ऐकून ते खुरपे ठेवून बसले आणि म्हणाले, "माझ्या गाई १९९५ साली मीही नेल्या." त्या साली जानेवारीच्या अखेरीस नद्या इतक्या फुगल्या की बांध फुटतील म्हणून अडीच लाख माणसांना हलवले. बांध टिकले. आजोबा म्हणाले, बांध टिकल्यावर लोकांना वाटले, अजून उंच करू. पण जाणत्यांनी सांगितले, नदीला जागा द्या.

बांध, टेकाड आणि गोठा

त्यानंतर आमच्या सहलींची दिशाच बदलली. झीलंडमधल्या आउवेरकेर्कचे पुराचे संग्रहालय पाहिले. १ फेब्रुवारी १९५३ च्या रात्री समुद्राने बांध फोडले आणि त्या देशात १८३६ माणसे गेली. शेवटचे भगदाड ज्या काँक्रीटच्या प्रचंड पेट्यांनी बुजवले, त्याच पेट्यांच्या पोटात ते संग्रहालय आहे. मृतांची नावे वाचताना एकाच आडनावाच्या ओळीच्या ओळी येतात. बाहेर येऊन डबा उघडला, पण दोघांनाही घास गेला नाही.

मग गेलो ओव्हरडीप नावाच्या पोल्डरमध्ये, मास नदीच्या काठी. नदीला जागा द्यायची म्हणून तिथला बांध मुद्दाम खाली घ्यायचे ठरले. मोठा पूर आला की पाणी शेतात शिरणार. तिथल्या दूध उत्पादकांनी नुसता विरोध केला नाही, स्वतःच योजना पुढे ठेवली: आम्हाला सहा मीटर उंचीची टेकाडे बांधून द्या, घर आणि गोठा दोन्ही वर नेतो, पाणी खालच्या कुरणात येऊ दे. सगळ्यांना जागा पुरली नाही; काहींना वाडवडिलांची जमीन सोडून जावे लागले. ते दुःख तिथेही काही कमी नव्हते. पण उरलेल्यांच्या गाई आज टेकाडावर उभ्या आहेत. ह्यांनी फोटो काढले. घराचे कमी, गोठ्याचे जास्त.

२०२१ च्या जुलैत दोन्हीकडे एकदमच पाणी आले. मध्यावर हॉलंडच्या दक्षिणेला लिम्बुर्गमध्ये, आणि आठवड्याभरात आपल्याकडे. शेजारच्या जर्मनी आणि बेल्जियममध्ये दोनशेहून अधिक माणसे दगावली. श्रीमंत देश म्हणून पाणी कुणाला वगळत नाही. फरक असतो तो आधी केलेल्या तयारीचा. हॉलंडमध्ये पाण्याची व्यवस्था पाहणारी मंडळे कित्येक शतकांची जुनी आहेत. ती निवडून येतात आणि घराघरातून वेगळा कर घेतात. आमच्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडालाही तो कर होता. कुरकुर सगळे करतात, पण भरतात.

२०२३ मध्ये ह्यांना आणखी दोन वर्षे राहा असा निरोप आला. पगार चांगला. आठवडाभर आम्ही दोघे त्यावर बोललो आणि नाही म्हणालो. साठवलेल्या पैशातून गावापासून अडीच किलोमीटरवर, आमच्याच माळाच्या तुकड्यावर घर बांधायचे ठरले. राहिला प्रश्न आत्याबाईंचा. लेक सांगून थकला, मी सांगून थकले. शेवटी ह्यांनी ओव्हरडीपचे फोटो दाखवले. आत्याबाईंनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "गोठा आधी वर ने. म्हशी गेल्या की मी बी येतो." आणि तसेच केले. गोठा आधी, घर मागून.

आता हे क्षारपड जमिनीचे काम बघतात. जमिनीखाली भोके असलेले पाइप घालून खारट पाणी बाहेर काढायचे. हॉलंडच्या शेताखाली असे पाइप जागोजाग आहेत, आणि आपल्या सांगली-कोल्हापुराकडेही ते काम कधीच सुरू झाले आहे. तिथले सगळेच इथे चालेल असे नाही. आपला पाऊस चार महिन्यांत कोसळतो, आपले तुकडे लहान, आपला पैसा थोडा. पण शेजाऱ्याचे पाणी कुठे जाणार हे विचारल्याशिवाय चर काढायचा नाही, एवढे तर फुकटात घेता येते. एकट्याने पाणी काढले की ते पुढच्याच्या वावरात जाते. दहा जण एकत्र आले की ते ओढ्याला जाते.

हॉलंडची काय आठवण आणली, असेही बायका विचारतात. एक लाकडी बूट आणला आहे, तो कपाटावर धूळ खातो. दुसरे म्हणजे फाटकाजवळची मांडणी. रस्त्याच्या कडेला मेथीच्या जुड्या आणि पैशांचा डबा ठेवते. आठवड्याला एखाद-दुसऱ्या जुडीचा हिशेब लागत नाही. डबा मात्र अजून जागेवर आहे.