बटणे कोठे बसवावीत?

खेळणाऱ्याचे डोळे पडद्यावर असतात आणि हात फळीवर. पडद्यावर काय घडते ते सर्वांना दिसते. फळीवर काय घडते याकडे मात्र खुद्द खेळणाऱ्याचेही लक्ष नसते. आणि ते तसे नसणेच इष्ट. पंगतीला बसलेला मनुष्य घास उचलल्यावर आपले तोंड कोठे आहे हे शोधीत नाही. तितक्याच सहजपणे बोटाला बटण सापडावे, अशी फळी ती उत्तम फळी. एकदा जरी मान खाली घालून पाहावे लागले, तरी तेवढ्या निमिषात पडद्यावरचा शत्रू आपले काम उरकून घेतो.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत अशी एक फळी घरीच तयार करण्याचे आम्ही ठरविले. आम्ही म्हणजे मी, माझी धाकटी बहीण आणि काका. हिला इंग्रजीत 'कंट्रोल पॅनेल' म्हणतात. काकांच्या शाळकरी वयात, म्हणजे १९९० नंतरच्या काही वर्षांत, बेळगावात व्हिडिओ गेमची लहान लहान दुकाने असत. पुरुषभर उंचीची लाकडी पेटी, तिच्यात पडदा, पडद्याखाली ही फळी, आणि फळीवर एक दांडा व काही बटणे. नाणे टाकावे आणि खेळावे. १९९३ सालचा 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हा जपानी कंपनीचा खेळ तेव्हा फार गाजला. परंतु ते लांबलचक नाव कोण घेणार? त्यातील एका वीराचे नाव मुस्तफा. म्हणून सगळा खेळच आपल्याकडे 'मुस्तफा' या नावाने ओळखला जाऊ लागला. काका त्या खेळात तरबेज होते. एका नाण्यात शेवटपर्यंत जाणारा मुलगा म्हणून त्यांच्या मागे पोरांचे कडे उभे राही, असे बाबा सांगतात. काका स्वतः सांगत नाहीत.

पेट्या गेल्या, दुकानेही गेली. परंतु घरच्या जुन्या संगणकाला बटणांची फळी जोडून पुन्हा तसेच खेळता येते. साहित्य विकत मिळते. विकत मिळत नाही ती एकच गोष्ट, ती म्हणजे बटणे कोठे बसवावीत याचा निर्णय.

या प्रश्नाला एकच ठराविक उत्तर कधीही नव्हते, हे मला शोध घेताना कळले. १९७२ सालच्या 'पाँग' या खेळाला फक्त फिरविण्याच्या खुंट्या होत्या. १९७९ सालच्या 'ॲस्टेरॉइड्स'ला दांडाच नव्हता. डावीकडे वळणे, उजवीकडे वळणे, पुढे जाणे, गोळी झाडणे आणि संकटसमयी अदृश्य होणे या पाच कामांसाठी पाच बटणे होती. उलट १९८० सालच्या 'पॅकमॅन'ला खेळण्यासाठी एकही बटण नव्हते. फळीच्या मध्यभागी एकच दांडा. तो डाव्या हाताने धरा की उजव्या, यंत्राला त्याचे सोयरसुतक नाही. १९८१ सालच्या 'डाँकी काँग'मध्ये दांडा डावीकडे आणि उडी मारण्याचे बटण उजवीकडे आले. १९९१ सालच्या 'स्ट्रीट फायटर टू'ला सहा बटणे होती : वरच्या ओळीत ठोशांची तीन, खालच्या ओळीत लाथांची तीन. जगात बहुसंख्य लोक उजव्या हाताने काम करणारे असूनही दांडा डावीकडे आणि बटणे उजवीकडे ही चाल हळूहळू रूढ झाली. चाल रूढ झाली की ती नियमासारखी भासू लागते. परंतु आरंभीच्या या फळ्या पाहिल्या म्हणजे ध्यानात येते की हा नियम नव्हे, नुसती सवय आहे.

आम्हांला या सवयीचा विचार करणे भाग होते, कारण काकांच्या उजव्या हाताला तर्जनी आणि मधले बोट नाही. दहा वर्षांपूर्वी एका कारखान्यात प्रेस मशीनवर काम करताना ती गेली. त्या वेळी मी अगदी लहान होतो. घरात या गोष्टीविषयी कोणी बोलत नाही. फोटो काढताना काका तो हात पाठीमागे घेतात, आणि आम्ही सर्व जण तो पाठीमागे गेला हे न पाहिल्यासारखे करतो. ही आमच्या घरातील एक न ठरविलेली रीत आहे.

परंतु फळीचा आराखडा करावयाचा तर हात पाहिल्यावाचून कसे चालेल? पूर्वी आपल्याकडे लांबी शरीरानेच मोजीत : १२ अंगुळांची १ वीत आणि २ वितींचा १ हात. या कामातही पट्टीच्या आधी हातच मोजावा लागतो. म्हणून मी कोरे कागद घेऊन बसलो. प्रथम बहिणीचा पंजा कागदावर ठेवून पेन्सिलीने त्याची कड काढली, मग माझ्या पंजाची. काका कट्ट्यावर बसून पाहत होते. त्यांना कसे विचारावे हे मला सुचेना. तेवढ्यात ते उठले, माझ्यासमोर येऊन बसले आणि त्यांनी आपण होऊन तोच हात कागदावर ठेवला. "हं, काढ," एवढेच म्हणाले. मी अंगठ्यापासून पेन्सिल फिरवू लागलो. जेथे दोन उंच शिखरे यावयाची तेथे रेघ सपाट गेली. पुढे अनामिका आणि करंगळी. काकांचा हात मी तेव्हा प्रथमच इतक्या जवळून पाहिला. तो स्थिर होता.

अडचण कोणती ते आता स्पष्ट झाले. 'मुस्तफा' या खेळाला बटणे दोनच. एक प्रहाराचे, एक उडीचे. परंतु दोन्ही एकदम दाबली म्हणजे वीर गर्रकन फिरून भोवतालचे सारे शत्रू उधळून लावतो, आणि त्याच्या मोबदल्यात त्याची थोडी शक्ती खर्च होते. संकटात सापडल्यावर हा डाव क्षणार्धात टाकता आला पाहिजे. नेहमीच्या मांडणीत हे काम उजव्या तर्जनीचे आणि मधल्या बोटाचे. दांडा मात्र अंगठा, अनामिका आणि तळवा यांच्या पकडीत उत्तम राहतो. त्याची वरची मूठ चेंडूसारखी गोल असते. तेव्हा काकांसाठी दांडा उजवीकडे आणि बटणे डावीकडे हवीत, हा निष्कर्ष सरळ होता. त्यांच्यासाठी एक वेगळी छोटी फळी करावी असे मी सुचविले.

काका क्षणभर थांबले आणि म्हणाले, "अरे, माझ्यासाठी वेगळे ताट मांडू नकोस. पंगतीतच बसव."

त्या वाक्याने आराखडा पालटला. फळी एकच, ९० सेंटीमीटर लांब आणि ३० सेंटीमीटर रुंद, दोघांनी शेजारी शेजारी उभे राहून खेळण्यासाठी. डाव्या बाजूच्या खेळाडूचा दांडा डाव्या कडेपासून १२ सेंटीमीटरवर, त्याच्या उजवीकडे बटणे. उजव्या बाजूची मांडणी मात्र आरशातील प्रतिबिंबासारखी : दांडा उजव्या कडेपासून १२ सेंटीमीटरवर आणि बटणे त्याच्या डावीकडे. दोन्हीकडे दांडा आणि पहिले बटण यांत १३ सेंटीमीटर अंतर. दोन्हीकडे तर्जनीचे बटण दांड्याच्या बाजूला. दोन्ही दांडे टोकांना आणि बटणांचे दोन गट आत, त्यांच्यामध्ये सुमारे २५ सेंटीमीटर मोकळी जागा. खेळ रंगात आला तरी कोपराला कोपर लागत नाही, हा या रचनेचा आणखी एक लाभ.

मग सूक्ष्म विचार सुरू झाला. मोठ्या बटणाला ३० मिलिमीटर व्यासाचे भोक लागते. परंतु बटणाची कड त्याहून थोडी बाहेर येते, म्हणून दोन मध्यबिंदूंत अधिक अंतर ठेवावे लागते. बोटे सारख्या लांबीची नसतात, म्हणून बटणे सरळ ओळीत न बसविता मधल्या बोटाचे बटण किंचित वर चढवावे लागते. खेळ सुरू करण्याची बटणे २४ मिलिमीटरची, लहान, आणि मागच्या कडेला; ऐन लढाईत त्यांना चुकूनही धक्का लागू नये. पुढे तळवा टेकण्यापुरती जागा, आणि मनगटाला टोचू नये म्हणून पुढची कड गोल.

हे सर्व आम्ही प्रथम पुठ्ठ्यावर मांडले. पाण्याच्या प्लॅस्टिकच्या बाटल्यांची झाकणे साधारण बटणाएवढीच असतात, ती चिकटविली. दांड्याच्या जागी मोडक्या लाटण्याचा तुकडा उभा केला. नंतर तीन संध्याकाळी परीक्षा चालली. डोळे मिटून उभे राहावयाचे, दुसऱ्याने आकडा पुकारावयाचा आणि त्या क्रमांकाचे झाकण दाबावयाचे. आरंभी मध्यबिंदूंतील अंतर ४० मिलिमीटर होते. बहिणीचे बोट तिसऱ्या झाकणापर्यंत पोहोचेना. ते ३६ वर आणले. तेव्हा तिचा हात पोहोचला, आणि काकांची डावी तर्जनी व मधले बोटही दोन्ही झाकणांवर एकाच वेळी पडू लागले. काकांना सवय होण्यास वेळ लागला. आयुष्यभर उजव्या हाताने केलेले काम डाव्याला शिकवावयाचे, म्हणजे नव्याने बाराखडी गिरविणेच. तिसऱ्या संध्याकाळी मात्र दहांपैकी नऊ आकडे त्यांनी बरोबर दाबले.

लाकूडकाम शेजारच्या सुतारांनी केले. १८ मिलिमीटर जाडीच्या प्लायवूडमधून दांडा पुरेसा वर येत नव्हता, म्हणून त्यांनी फळीच्या खालच्या अंगाने पटाशीने खाच काढली. भोके पाडण्यापूर्वी त्यांनी आमचा कागद दोनदा तपासला आणि म्हणाले, "बघा हं, कागदावरची रेघ पुसता येते, फळीवरचे भोक बुजत नाही." विजेचे काम त्या मानाने सोपे. प्रत्येक बटणाखाली एक बारीक कळ असते. तिची एक तार सर्वांच्या सामाईक तारेला आणि दुसरी एका छोट्या पट्टीच्या स्वतंत्र खाचेत जोडावयाची. पट्टी संगणकाला कळवते की अमुक बटण दाबले. प्रत्येक कळेला स्वतंत्र खाच असल्यामुळे दोन बटणे एकदम दाबली तरी दोन्ही नीट पोहोचतात. बटण डावीकडे आहे की उजवीकडे, ते कोणत्या बोटाने दाबले, याची तारेला कल्पनाही नसते. भेदभाव न करण्याच्या बाबतीत ती आपल्यापेक्षा पुष्कळ पुढे आहे.

आज ती फळी आमच्या माजघरात आहे. येणारेजाणारे तिच्या दोन सारख्या बाजू पाहून "रांगोळीसारखी दिसते" असे म्हणतात. उजवी बाजू उलटी का, असे अद्याप कोणीही विचारलेले नाही. काका त्या बाजूला उभे राहतात, बहीण डाव्या बाजूला. परवा दोघे मिळून 'मुस्तफा'च्या शेवटच्या शत्रूपर्यंत पोहोचले. मागे आम्ही कडे करून उभे होतो, आणि काकांचे दोन्ही हात सर्वांसमोर फळीवर होते.

माझ्या वर्गातील एका मित्राला आता तशीच फळी करावयाची आहे. त्याने माझ्याकडे मापे मागितली. मी त्याला दोन कोरे कागद आणि एक पेन्सिल दिली, आणि सांगितले, "जे खेळणार आहेत त्यांचे हात आधी काढून आण. मापे मग ठरवू."