ताट रिकामे पाठवू नये

बक्षीस म्हटले, की मला आमच्या आप्पाकाकांच्या ओसरीवरचे मानपत्र आठवते. काचेत कसर शिरलेली, आणि त्याच खिळ्याला काकूंनी अडकवलेली बाजाराची पिशवी!

काका तालुक्याच्या गावी चार पानांचे साप्ताहिक चालवीत. १९८६ च्या दिवाळीत रेशनवर आलेली जादा साखर मागल्या दाराने बाजारात जाऊ लागली. काकांनी घरोघर हिंडून शिधापत्रिकांवरच्या नोंदी उतरवल्या, कचेरीतल्या आकड्यांशी ताडून पाहिल्या आणि छापल्या. दुकानदार आमचा शेजारी, भिंतीला भिंत! चौकशी झाली, लोकांना साखर मिळाली. पण काकांच्या जाहिराती आटल्या. काकूंनी नेहमीसारखे फराळाचे ताट शेजारी धाडले, ते रिकामे परत आले. आपल्याकडे भांडे रिकामे पाठवीत नाहीत. निदान चिमूटभर साखर तरी घालतात.

मी तेव्हा कॉलेजात. "शेजाऱ्याचेच कशाला छापायचे?" मी रागाने विचारले.

काका म्हणाले, "दिल्लीवर टीका करायला काय लागते रे? दिल्ली काही सकाळी विरजण मागायला येत नाही!"

पुढे अमेरिकेतल्या होरेस कार्टर यांची हकीकत वाचली, तेव्हा हे बोलणे उमगले. नॉर्थ कॅरोलायनातल्या टेबर सिटी या लहानशा गावी त्यांचे साप्ताहिक होते. १९५० साली कू क्लक्स क्लान या वर्णद्वेषी टोळीने गावातून मिरवणूक काढली. टोळीवाले माणसांना घराबाहेर ओढून फटके मारीत. कार्टर यांनी त्यांच्याविरुद्ध लेखणी उचलली; जवळच्या व्हाइटव्हिलचे पत्रही पुढे सरसावले. शंभरावर टोळीवाले दोषी ठरले आणि १९५३ साली दोन्ही पत्रांना लोकसेवेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. ही लढाई त्यांनी स्वतःच्या दारात लढली, याचा त्यात खास उल्लेख होता.

बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' सुरू केले. त्याच तारखेला, १९८७ साली, तालुक्याच्या पत्रकारांनी काकांना शाल, नारळ आणि ते मानपत्र दिले. पैसा एकही नाही. पण या माणसाने वैराने लिहिले नव्हते, हे चारचौघांत सांगितले गेले. गावातच राहायचे असलेल्याला आणखी काय हवे? शेजारी मागच्या रांगेत मान खाली घालून बसला होता.

त्या वर्षीच्या दिवाळीत काकूंचे ताट परत आले, त्यात मूठभर साखर होती. काकूंनी तिचाच चहा केला.

घोट घेऊन काका म्हणाले, "माप बरोबर आहे हो!"