मावशीचं गर्दीचं पंचांग

मृग लागला की कोकणात माणूस बॅग भरत नाही. पेरणी असते, लाकूडफाटा आत घ्यायचा असतो, आणि पाऊस आज येतो की उद्या या एका प्रश्नावर अख्खं गाव बसलेलं असतं. त्यामुळे अंबरपेठेच्या मावशीने फोनवर "पोरीला रामोजी दाखवायचंय ना? मग मृग लागल्यावरच या, त्याआधी पाऊल टाकू नका" असं बजावलं, तेव्हा देवरुखात आमच्या ओटीवर कोणी काही बोललंच नाही. हिंडायचा मुहूर्त मृगावर काढणारी बाई आमच्याच घरातून हैदराबादला दिलेली आहे, हे पटायला थोडा वेळ लागला.

पहाटे सोलापूरला हुसेनसागर एक्स्प्रेस धरली आणि नामपल्लीला उतरलो. स्टेशनाबाहेर रिक्षा मिळाली, पण हलेना. "आज मछली का दिन है साब," रिक्षावाला म्हणाला आणि त्याने इंजिनच बंद करून टाकलं. समोर माणसांचा लोंढा प्रदर्शन मैदानाच्या दिशेने चाललेला. बायका, म्हातारे, कडेवरची पोरं. धाप लागलेले बरेच. आमच्या रिक्षाला टेकून उभ्या राहिलेल्या एका गृहस्थाच्या हातात प्लास्टिकची छोटी पिशवी होती, पिशवीत ओंजळभर पाणी आणि त्या पाण्यात बोटाएवढी काळसर जिवंत मासळी. निरखून पाहिलं तर मरळीचं पिल्लू. आमच्याकडे ओहोळात सापडते तीच.

मृगशिरा नक्षत्र लागतं त्या दिवशी, म्हणजे साधारण ८ जूनच्या सुमारास, हैदराबादचं बत्तिनी कुटुंब दम्याच्या रोग्यांना फुकट प्रसाद देतं. मरळीच्या पिल्लाच्या तोंडात पिवळट औषधाची गोळी भरतात आणि तो मासा जिवंतच गिळायचा असतो. ज्याला मासा चालत नाही त्याला गुळातून देतात. याने दमा जातो याला शास्त्रीय आधार नाही, असं डॉक्टर आणि जनविज्ञान वेदिकेची मंडळी वर्षानुवर्षं सांगत आली आहेत; तरी देशाच्या कानाकोपऱ्यातून माणसं येतातच. मृगाचा पहिला पाऊस अंगावर घ्यावा एवढंच आम्हांला ठाऊक. माझी मुलगी त्या पिशवीकडे टक लावून बघत होती. "तो पोटात पोहेल का?" तिने विचारलं. त्या गृहस्थाला मराठी समजत असावं, कारण त्याचा चेहरा जरा उतरला.

हे मैदानही साधं नव्हे. १९३८ साली, निजामाच्या अमदानीत, इथल्या नुमाइशीची परंपरा सुरू झाली. आता ती दरवर्षी १ जानेवारी ते १५ फेब्रुवारी अशी ४६ दिवस भरते. काश्मिरी शालींपासून लोणच्यांपर्यंत दुकानं, पाळणे, छोटी आगगाडी, आणि एक दिवस फक्त बायकांचा. मावशीच्या लेखी शहरातलं पहिलं मनोरंजन उद्यान तेच. बाकीची सगळी नंतरची.

मावशीचं घर अंबरपेठेत छे नंबरजवळ. सहा नंबरची बस इथे यायची म्हणून चौकाचं नाव छे नंबर पडलं असं सांगतात. काचीगुडा स्टेशन हाकेच्या अंतरावर. १९१६ सालच्या त्या घुमटांच्या स्टेशनावर मराठवाड्यातल्या कितीतरी पिढ्या उतरल्या, कारण १९५६ पर्यंत मराठवाड्याची राजधानी हीच होती. त्यातलेच काकांचे आजोबा. काका विवेकवर्धिनीत शिकले, मराठी बोलतात पण मध्येच "हौ" म्हणतात. मावशी कोकणातली असूनही आता वाक्याच्या शेवटी "काय की" लावते.

स्वयंपाकघराच्या दाराशी तीन कॅलेंडरं टांगलेली होती. एक कालनिर्णय, एक तेलुगू पंचांगाचं, आणि तिसरं नातवाच्या शाळेतून आलेलं. तिन्हींवर पेन्सिलीच्या बारीक खुणा. कुठे फुली, कुठे गोल, कुठे नुसतं "रस्ता" असं लिहिलेलं. उपासतापासाच्या खुणा असतील म्हणून मी विचारलं, तर मावशी भाजी चिरता चिरता म्हणाली, "गर्दी आहे ती."

आणि मग तिने जे सांगितलं ते ऐकून मी थक्क झालो. आमच्याकडे गर्दी म्हणजे जत्रा. येते तशी जाते. या बाईला साऱ्या शहराची गर्दी तिथीवार पाठ होती.

तिच्या हिशेबाची सुरुवात संक्रांतीपासून. संक्रांतीला तेलंगणातल्या शाळांना आठवडाभर सुट्टी असते आणि निम्मं हैदराबाद आंध्रात आपापल्या गावी जातं. शहर ओस पडतं, आणि विजयवाड्याचा महामार्ग मात्र तुंबतो. एल. बी. नगरला बसची वाट बघणारे फुटपाथ सोडून रस्त्यावर आलेले असतात, चौटुप्पलजवळच्या पंतंगी टोलनाक्यावर गाड्यांच्या रांगांचे फोटो दरवर्षी पेपरात येतात. रामोजी फिल्म सिटी नेमकी याच रस्त्यावर, टोलनाक्याच्या अलीकडे. काका एकदा हट्टाने भोगीच्या आदल्या दिवशी पाहुण्यांना घेऊन निघाले होते. हयातनगरपर्यंत पोचले, डबा गाडीतच खाल्ला आणि परत आले. कॅलेंडरावरचा "रस्ता" तो हा. त्याच सुमारास फिल्म सिटीत हिवाळी उत्सव असतो, आणि वर महाराष्ट्रातून शाळांच्या सहली. डिसेंबर-जानेवारीत आपल्या लाल एस.ट्या तिथे ओळीने उभ्या राहिलेल्या बघून मावशीला भरून येतं, पण आत ती जात नाही.

मार्चच्या मध्यापासून इथल्या शाळा अर्ध्या दिवसाच्या होतात, पण परीक्षा असतात. मग आयपीएल. उप्पलच्या स्टेडियमवर सामना असला की रामंतापूरपासून अंबरपेठेपर्यंतचा रस्ता संध्याकाळी बसल्या जागी बसतो. त्या तारखांना परतीची वेळ सांभाळायची. एप्रिलच्या २३-२४ तारखेला शाळा सुटल्या की मे महिना संपेपर्यंत कुठल्याच उद्यानाचं नाव काढायचं नाही, ऊन आणि माणसं दोन्ही अंगावर येतात. आषाढात बोनालूचा सण. एका रविवारी गोवळकोंडा, मग सिकंदराबादची महांकाळी, मग लाल दरवाजा. अंबरपेठेच्या महांकाळीचा बोनालू असतो तेव्हा मावशीला स्वतःच्याच गल्लीतून बाहेर पडता येत नाही, आणि पडायचंही नसतं. पावसाळ्यात वरच्या हिमायतसागराचे दरवाजे उघडले की मूसीला लोंढा येतो. मूसारामबागचा पूल त्यापायी किती वेळा बंद झाला ते काकांना विचारावं. अनंत चतुर्दशीला बाळापूरपासून हुसेनसागरापर्यंत गणपतीच गणपती.

दसऱ्याचं प्रकरण मला सगळ्यांत नवलाचं वाटलं. आपल्याकडे दसऱ्याला एक दिवस सुट्टी आणि दिवाळीला दोन-अडीच आठवडे. इथे उलटं: बतुकम्मा आणि दसरा मिळून तेरा दिवसांच्या आसपास सेलवुलु, म्हणजे सुट्ट्या, आणि दिवाळीला जेमतेम एखादा दिवस. म्हणजे भाऊबिजेनंतर हैदराबादची मुलं बाकांवर आणि महाराष्ट्राची मुलं हैदराबादेत. "तेव्हा रामोजीत चला," मावशी म्हणाली, "पुण्यात आल्यासारखं वाटतं. पाळण्यांच्या त्या वंडरलात मात्र शांतता. आपली माणसं अजून सिनेमाच्या मागे, पाळण्यांना घाबरतात."

आणि आम्हांला मृगावर का बोलावलं? तेलंगणातल्या शाळा १२ जूनला उघडतात. महाराष्ट्रातल्या १५-१६ जूनला. या दोहोंमधल्या फटीत मृगाचा पाऊस ऊन उतरवतो, माशांची गर्दी ओसरलेली असते, इथली पोरं दप्तरं घेऊन वर्गात बसलेली असतात आणि आमची मोकळी. तीन-चार दिवसांची ही फट या बाईने दोन राज्यांच्या शिक्षण खात्यांच्या मधून हुडकून काढली होती, आणि दोन्ही खात्यांना तिचा पत्ता नव्हता.

मावसबहीण न्यू जर्सीत एडिसनला असते. तिलाही आईचाच गुण लागलेला. फ्लोरिडातलं डिस्नी वर्ल्ड १९७१ पासूनचं. तिथे कुठल्या आठवड्यात किती गर्दी, याचे अंदाज बांधून विकणारी माणसं आहेत म्हणे. नोव्हेंबरच्या सुरुवातीला न्यू जर्सीच्या शिक्षकांचं अधिवेशन भरतं, शाळा बंद असतात, बाकीच्या अमेरिकेत चालू. फट! मग काय, सगळी न्यू जर्सी त्याच आठवड्यात ऑरलँडोला. त्या आठवड्याला तिथे 'जर्सी वीक' असं नावच पडलं आहे. नाताळ ते नववर्ष तर तिकडे कोणी शहाण्याने जाऊच नये. शिवाय जादा पैसे भरले की वेगळ्या रांगेतून पुढे सोडतात. हैदराबादच्या वंडरलातही तशी 'फास्टट्रॅक' तिकिटं मिळतात. मावशीला हे मुळीच मान्य नाही. "पैसे टाकून रांग मोडायची, त्यात कसली हुशारी? गर्दीच नसताना जावं." मला वाटतं पैसेवाल्यांना रांगेपेक्षा कॅलेंडर वाचायचाच कंटाळा जास्त असावा.

तर गुरुवारी निघालो. दिलसुखनगरला फिल्म सिटीची बस मिळाली. कंडक्टरने मावशीच्या हातात शून्य रुपयांचं तिकीट दिलं; डिसेंबर २०२३ पासून तेलंगणात बायकांना सिटी बस आणि एक्स्प्रेसचा प्रवास फुकट आहे. माझ्या बायकोने आपलं आधार कार्ड पुढे केलं. त्यावर महाराष्ट्राचा पत्ता. कंडक्टरने मान हलवली आणि पूर्ण तिकीट फाडलं. "आमच्याकडे एस.टी.त निम्मं तरी माफ असतं," ती पुटपुटली. सीमेपलीकडे निम्मंही गेलं.

वनस्थळीपुरम, हयातनगर मागे पडलं आणि पाटीवर 'पेद्दा अंबरपेठ' दिसलं. हे दुसरं अंबरपेठ, बाह्यवळण रस्त्यावरचं. परभणीहून आलेले काकांचे एक पाहुणे मोबाइलवर नुसतं अंबरपेठ टाकून रात्री इथेच येऊन उतरले होते.

रामोजी फिल्म सिटी १९९६ साली उभी राहिली. सोळाशे एकरांवर पसारा. जगातलं सर्वांत मोठं चित्रीकरण संकुल म्हणून गिनेस बुकात नोंद. मोठ्या फाटकापाशी तिकीट काढलं की बसने युरेका नावाच्या चौकात सोडतात आणि तिथून लाल उघड्या बसगाड्या सगळीकडे फिरवतात. न हलणाऱ्या गाड्यांचं रेल्वे स्टेशन, विमान नसलेलं विमानतळ, एकाच इमारतीची पुढची बाजू लंडनची आणि मागची कुठल्याशा तुरुंगाची. बाहुबलीच्या माहिष्मतीत मुलीने एका खांबावर टिचकी मारली. आत पोकळ. तिने मागे वळून विचारलं, "मग राजा राहायचा कुठे?"

मावशीने इथेही आपला क्रम लावला होता. सगळे लोक आत शिरले की आधी लाल बसकडे धावतात, म्हणून आपण आधी पाखरांकडे आणि फुलपाखरांकडे जायचं. स्टंटच्या खेळाच्या वेळा ठरलेल्या असतात. खेळ सुटला की हजारभर माणसं एकदम जेवायला जातात. तेव्हा आपण लाल बसमध्ये. आणि ते बसमध्ये परततील तेव्हा आपण डबा उघडायचा. डब्यात गूळपोळ्या होत्या, वर तिळाची चटणी. पेरूच्या झाडाखाली बसून खाल्लं.

गर्दी खरंच कमी होती. पण जी होती ती? लाल बसमध्ये मार्गदर्शकाने हिंदीतून विचारलं, "कहाँ-कहाँ से आए हैं?" मागून "लातूर!" असा आवाज आला. मग "नांदेड!", "बार्शी!", "सोलापूर, सोलापूर!" पुढच्या बाकावरच्या दोन आज्या "आम्ही धाराशिवच्या" म्हणून हसल्या. एक तेलुगू जोडपं तेवढं बिचारं गप्प होतं. तेलंगणाची पोरं शाळेत गेली होती आणि त्यांची जागा मराठवाड्याने घेतली होती. मी मावशीकडे पाहिलं. तिने खांदे उडवले. "अर्धी तर कमी झाली ना? दुसरी अर्धी आपलीच."

परतीच्या बसमध्ये शेजारी उदगीरचे एक मास्तर बसले होते. शिक्षकच ते, सुट्ट्यांचा हिशेब त्यांनाही कळत होता. पण त्यांची फट मावशीपुढे फारच ढोबळ होती. त्यांनी वहीच काढली. मावशीने त्यांना संक्रांतीचा रस्ता सांगितला, दसऱ्याचे सेलवुलु सांगितले, बोनालूचे रविवार सांगितले, मूसीचा पूल सांगितला. मास्तर भराभर लिहून घेत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "आणि ताई, रविरालाचं ते वंडरला? पोरं मागं लागलीत. रविवारी जावं म्हणतो."

"जा की," मावशी म्हणाली.

एल. बी. नगरला मास्तर उतरले, खालून हात हलवला. बस हलल्यावर मावशीने पदर सावरला.

"उद्या सकाळी लवकर आवरा. वंडरलाला शुक्रवारीच जाऊ. ते अकराला उघडतं, आपण साडेदहाला दारात."